समांतर वेटोळ्यांचे सिम्युलेशन : प्रवर्तकतेचा आकडा आणि विद्युतधारेची वाटणी

प्रस्तावना :
विद्युत वाहनांचे वायरलेस चार्जिंग हा विषय नागपुरात आता पाठ्यपुस्तकापुरता उरलेला नाही. तिरुवनंतपुरमची सी-डॅक आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था यांनी संयुक्तपणे विकसित केलेल्या १.५ किलोवॅट चार्जरचे तंत्रज्ञान २०२५ मध्ये उद्योगाकडे हस्तांतरित झाले. १२.५ सेंटिमीटर अंतरावर ८९.४ टक्के कार्यक्षमता, ही त्याची जाहीर कामगिरी होय. अशा अभिकल्पात वेटोळ्यांचे सिम्युलेशन पायाभूत असते. अधिक धारा वाहून नेण्यासाठी वेटोळी समांतर जोडली, तर त्या सिम्युलेशनवर कितपत विसंबावे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
पहिला दोष उघड आहे. समांतर जोडणीत प्रवर्तकता, म्हणजेच इंडक्टन्स, निम्मी होते हा नियम वेटोळी परस्परांपासून दूर असतानाच लागू पडतो. दोन समान वेटोळ्यांचा युग्मन गुणांक ०.९ असेल आणि त्यांचे चुंबकीय क्षेत्र एकाच दिशेने असेल, तर एकत्रित प्रवर्तकता एकाच्या ०.९५ पट राहते. निम्मी धरून ८५ किलोहर्ट्झसाठी कपॅसिटर निवडल्यास सस्पंदन सुमारे ६२ किलोहर्ट्झवर येते. एसएई जे-२९५४ या मानकाचा पट्टा मात्र ७९ ते ९० किलोहर्ट्झ आहे. ही चूक पहिल्याच चाचणीत उघडकीस येते.

दुसरा दोष अधिक घातक आहे, कारण तो लपून राहतो. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक वेटोळ्यास निम्मी धारा देऊन चुंबकीय ऊर्जेवरून प्रवर्तकता काढली जाते. समजा, वेटोळी २० व ३० मायक्रोहेन्रीची असून अन्योन्य प्रवर्तकता १८ आहे. या रीतीने उत्तर २१.५ येते, वास्तविक मूल्य १९.७ आहे. सस्पंदन ८५ ऐवजी ८८.८ किलोहर्ट्झवर, म्हणजे पट्ट्याच्या आतच राहते. अभिकल्पकास समाधान वाटते.

परंतु दोन्ही वेटोळ्यांवरील विद्युतदाब समान असल्याने धारेची वाटणी १२ : २, म्हणजे ६ : १ अशी होते. रोध समान धरल्यास उष्णतेतील ऱ्हास गृहीत धरलेल्याच्या दीडपट होतो. ८५ किलोहर्ट्झला २ मायक्रोहेन्रीचा अडथळाही सुमारे १ ओहम असतो. तारेचा अल्प रोध ही विषमता सावरू शकत नाही. लहान वेटोळ्याची प्रवर्तकता अन्योन्य प्रवर्तकतेहून कमी असल्यास मोठ्या वेटोळ्यातील धारा उलटही वाहते.

निष्कर्ष :
प्रवर्तकतेचा आकडा मोजमापाशी जुळला म्हणजे सिम्युलेशन सिद्ध झाले, असे मानणे युक्त नाही. प्रत्येक वेटोळ्यास स्वतंत्रपणे धारा देऊन स्वयं व अन्योन्य प्रवर्तकता मिळवाव्यात, त्यानंतर समान विद्युतदाबाच्या अटीवर वाटणी काढावी आणि प्रत्यक्ष नमुन्यात प्रत्येक शाखेतील धारा मोजावी. लिट्झ तारेतील सूक्ष्म तंतूंच्या जागा गुंफणीत सतत बदलत ठेवण्यामागेही हेच तत्त्व आहे. महाविद्यालयीन प्रकल्पांच्या मूल्यमापनात प्रवर्तकतेसोबत शाखाधारेची नोंदही आवश्यक मानली जावी. अन्यथा कागदावरील कार्यक्षमता आणि तापलेली तार यांतील अंतर कायम राहील.