क्रमांक घातलेले घर

मेलबर्नला पाहुणे आले की त्यांना फिट्झरॉय गार्डन्समधले कॅप्टन कुकचे घर दाखवणे हा आपल्याकडे जवळजवळ कुळाचारच झाला आहे. पाहुणे दारात फोटो काढतात, "एवढेसेच?" म्हणतात आणि पुढे जातात. वास्तू म्हणून हे घर कसे आहे, हा प्रश्न मात्र राहून जातो.

आधी हकीकत सांगतो. हे घर यॉर्कशायरमधल्या ग्रेट एटन गावचे. दारावर १७५५ हे साल आणि जेम्स व ग्रेस या कुकच्या आईवडिलांची आद्याक्षरे कोरलेली आहेत. १९३३ साली ते विकायला निघाले. घर इंग्लंडबाहेर जाऊ नये अशी मालकीणबाईंची अट होती. 'इंग्लंड'च्या जागी 'साम्राज्य' हा शब्द घालायला त्या तयार झाल्या आणि अट शाबूत राहून घर सुटले! मेलबर्नच्या रसेल ग्रिमवेड यांनी ते ८०० पौंडांना घेतले. ते उतरवून, दगडांवर क्रमांक घालून, २५३ खोकी आणि ४० पिंपांत भरून जहाजाने आणले गेले आणि १९३४ साली, शहराच्या शताब्दीला, पुन्हा उभे राहिले. आयव्हीच्या वेलाची कलमेसुद्धा सोबत आली.

माझा पेशा सॉफ्टवेअरचा. सुटे भाग, क्रमांक आणि नकाशा एवढ्यावर संपूर्ण रचना दुसरीकडे उभी राहते, याचे मला मनापासून कौतुक वाटते. घरही प्रामाणिक आहे. दगडाच्या जाड भिंती, लहान खिडक्या, बुटक्या खोल्या, वर लाल कौले. नक्षीकाम नाही. थंडी बाहेर ठेवायची आणि चुलाण्याची ऊब आत कोंडायची, एवढाच हिशेब. आपला वाडा वेगळा हिशेब मांडतो. रस्त्याकडे भिंत, आत उघडा चौक, खाली घडीव दगडाचे जोते, वर लाकूड आणि वीट. उन्हापावसाला दिलेले ते उत्तर आहे.

माझी तक्रार इथेच सुरू होते. ग्रेट एटनला हे घर गावच्या रस्त्याला लागून होते. इथे ते हिरवळीवर, चहूबाजूंनी मोकळे, बाहुलीच्या घरासारखे ठेवले आहे. उत्तर जसेच्या तसे आणले, पण प्रश्न तिकडेच राहिला. क्रमांक सांगतो की कोणता दगड कोणत्या दगडाशेजारी बसतो. दगडाचे जमिनीशी, रस्त्याशी, शेजाऱ्याशी असलेले नाते त्यात येत नाही.

दुसरी तक्रार नावाची. १७५५ साली कुक सत्तावीस वर्षांचा होता. घर सोडून त्याला बरीच वर्षे झाली होती आणि त्याच वर्षी तो आरमारात दाखल झाला. तो या घरात राहिल्याचा पुरावा नाही. मेलबर्नच्या जागेवरही तो कधी आला नाही. ही भूमी वुरुंजेरी लोकांची होती, हे घर पाहून कोणाला सुचणारही नाही. आता पालिका नावात अनेकवचन वापरते, 'कुक मंडळींचे घर' अशा अर्थाने. दुरुस्ती छोटी आहे, पण योग्य आहे.

घर गेले त्या जागेवर ग्रेट एटनमध्ये व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावरचा ग्रॅनाइट नेऊन स्तंभ उभारला आहे. मला तो स्तंभ घरापेक्षा खरा वाटतो. इथून काहीतरी गेले, हे तो लपवत नाही.

हे सगळे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे, कारण गावाकडचे वाडे उतरत आहेत आणि त्यांचे खांब, दरवाजे दिवाणखान्यांची शोभा होत आहेत. एखादा खांब आपल्यापैकी कोणी इथे आणला तर मी नावे ठेवणार नाही. पण उतरवण्याआधी टेप घेऊन वाडा मोजावा. चौक किती खणांचा, तुळस कुठे, विहीर कोणत्या अंगाला, दिंडीतून पाहिले की समोर कोणाचे घर दिसे, हे वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर उतरवावे. खांब पुढेही विकत मिळतील. ही माहिती सांगणारी माणसे मात्र मिळणार नाहीत.