नव्या श्रम संहिता आणि मालकांची भाषिक तयारी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रम संहिता देशात अमलात आल्या आणि २९ जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. या बदलासाठी मालकवर्गाची तयारी करून देणारी व्याख्याने, पुस्तिका व कोष्टके विपुल आहेत. त्यांतील बहुतेकांचे एक समान लक्षण असे, की ती कायद्याकडे केवळ हिशेबाची बाब म्हणून पाहतात. कोणती रक्कम कोणत्या रकान्यात घालावयाची, एवढे सांगितले की त्यांचे काम संपते. वस्तुतः या संहितांनी घडविलेला पहिला बदल शब्दांच्या अर्थातील आहे; आणि तो कामगारापर्यंत पोहोचविण्याचे काम कायद्याने बऱ्याच अंशी मालकावरच सोपविले आहे. तयारीचे हे भाषिक अंग कसे दुर्लक्षित राहिले, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम ‘वेतन’ ही संज्ञा घेऊ. वेतन संहिता, २०१९ मधील तिची व्याख्या चार पायऱ्यांनी चालते. आरंभी सर्व मोबदला वेतन म्हणून धरला आहे. त्यात मूळ वेतन, महागाई भत्ता आणि कामगार टिकवून धरण्यासाठी दिलेला भत्ता यांचा स्पष्ट समावेश आहे. त्यानंतर बोनस, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, जादा कामाचा भत्ता इत्यादी अकरा बाबी वगळल्या आहेत. अखेरीस एक परंतुक येते : यांपैकी पहिल्या नऊ बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास, निम्म्यावरची रक्कम पुन्हा वेतनात मिळवावी. समजा, एखाद्याचा मासिक मोबदला २०,००० रुपये असून त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ८,००० आणि वगळलेले भत्ते १२,००० आहेत. निम्म्यावरचे २,००० वेतनात येतात आणि त्याचे कायदेशीर वेतन १०,००० ठरते. २६ दिवसांचा महिना धरून १५ दिवसांच्या वेतनाने उपदान काढले, तर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ते सुमारे ४,६१५ रुपयांवरून ५,७६९ रुपयांवर जाते. ‘पगार’ तोच राहिला; ‘वेतन’ मात्र वाढले. व्यवहारात समानार्थी असलेले हे दोन शब्द कायद्याने असे वेगळे केले आहेत, ही गोष्ट कोष्टकातून कळत नाही. ती वाक्यातूनच सांगावी लागते.

आणि अडचण नेमकी वाक्याचीच आहे. इंग्रजी वाक्यात क्रियापद व नकार आधी येतात, यादी मागाहून येते. मराठीत क्रियापद अंती असते आणि नकारही बहुधा त्याच्याबरोबर अंतीच येतो. मूळ रचनेला चिकटून भाषांतर केले, म्हणजे वाचक अकरा बाबी एकामागून एक मनात साठवीत जातो. त्या वेतनात मिळवावयाच्या की वगळावयाच्या, हे त्याला शेवटच्या ‘होणार नाही’पाशी उमगते. हा दोष मराठीचा नव्हे, भाषांतर करणाराचा होय. ‘पुढील रकमा वेतनात धरावयाच्या नाहीत’ असे आधी म्हणून मग यादी दिली, की अर्थ तोच राहून वाचकाचा भार नाहीसा होतो.

दुसरी जोडी ‘कामगार’ आणि ‘कर्मचारी’ यांची. बोलीत हा भेद सामाजिक आहे : गिरणीत व कारखान्यात कामगार, कचेरीत कर्मचारी. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मात्र कारकुनी काम करणारालाही कामगारच मानते. पर्यवेक्षकाला ती वगळते ते त्याचे वेतन दरमहा १८,००० रुपयांहून अधिक असेल तेव्हा. शब्दाचा रूढ अर्थ धरून चालणारा कचेरीचा मालक ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजून पान उलटील, आणि त्याचा कारकूनही तसेच समजेल.

आता सूचनाफलकाकडे वळू. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ आणि कारखाने अधिनियम, १९४८ यांनी फलकावरील मजकूर इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांच्या भाषेत असावा, असे मूळ अधिनियमातच सांगितले होते. स्थायी आदेशांविषयीच्या १९४६ च्या अधिनियमाचीही हीच भूमिका होती. वेतन संहितेचे ५० वे कलम सारांश व वेतनदर फलकावर लावावयास सांगते, परंतु भाषेविषयी मौन पाळते. औद्योगिक संबंध संहिता स्थायी आदेशांची भाषा नियमांवर सोपविते. नियमांनी ही उणीव भरून काढता येईल. पण जे तत्त्व अधिनियमात होते ते नियमांत गेले, हा दर्जाचा ऱ्हासच म्हणावा लागेल. शिवाय स्थायी आदेशांची मर्यादा केंद्रीय कायद्यातील १०० कामगारांवरून ३०० वर गेली आहे. त्यामुळे मधल्या आकाराच्या कारखान्यांत, नव्या संहितेने सक्तीचे केलेले नियुक्तिपत्र हाच सेवाशर्तींचा हाती असलेला प्रमुख लेख ठरणार. त्याची भाषा ही म्हणूनच गौण बाब नाही.

यावर असा आक्षेप येईल, की न्यायालयात अखेर अधिकृत पाठच पाहिला जातो. सुबोध मराठीचा उपयोग काय? आक्षेप अर्धाच खरा आहे. न्यायालयात पोहोचण्यापूर्वी वाद कारखान्यात जन्मतो, आणि कामगाराने काय वाचले व काय समजून घेतले यातून तो पुष्कळदा जन्मतो. सुबोधतेने नेमकेपणा जातो ही भीतीही निराधार आहे. वर नकार आधी आणला तेव्हा अकरांपैकी एकही बाब गळाली नाही.

तेव्हा मालकांच्या तयारीत तीन गोष्टी अवश्य असाव्यात. ‘उपदान’ म्हणजेच ग्रॅच्युइटी, असा शासकीय व रूढ शब्दांचा मेळ प्रत्येक लेखात घालावा. प्रत्येक व्याख्येखाली आकड्यांचे एक उदाहरण द्यावे. आणि फलकावरचा मजकूर लावण्यापूर्वी तो एखाद्या कामगाराकडून वाचवून घेऊन त्याचा अर्थ त्यालाच सांगावयास लावावा. यांतील पहिल्या दोन कामांत मराठीच्या विभागांना थेट साहाय्य करता येईल. परिभाषेचे कोश रचण्यात आपण पुष्कळ श्रम वेचले आहेत. त्या परिभाषेने वाक्य कसे रचावे, याकडे आता लक्ष दिले पाहिजे.