गाण्यातला मिसरा कुणाचा?

सिनेमाच्या गाण्याकडे पाहण्याच्या आपल्या समाजात दोन तऱ्हा आहेत. गाणे म्हणजे निव्वळ करमणूक, त्यात अदब शोधणे व्यर्थ, ही एक. आणि गाण्यात जुना शेर सापडला की 'चोरी' म्हणून मोकळे होणे, ही दुसरी. आम्हाला या दोन्ही तऱ्हा अपुऱ्या वाटतात.

उर्दू काव्यशास्त्रात या प्रकाराला जुने आणि प्रतिष्ठित नाव आहे: तजमीन. उस्तादाचा मिसरा किंवा शेर घ्यायचा, त्याला आपले मिसरे जोडायचे आणि जुन्या अर्थाला नवी दिशा द्यायची. मुशायऱ्यात याला कुणी चोरी म्हणत नसे, कारण मूळ शेर ऐकणाऱ्यांच्या ओठांवर असे. जुने आणि नवे दोन्ही तोलूनच तो दाद देई. म्हणजे तजमीनला शायराइतकाच जाणकार श्रोताही लागतो.

या कसोटीवर काही गाणी पाहू. 'एक नजर' (१९७२) साठी मजरूह सुलतानपुरींनी मीर तकी मीरचा मतला घेतला आणि पुढचे अंतरे स्वतः लिहिले. मजरूह हे गझलेतले मोठे नाव, त्यांना मतल्याची काय वाण! तो मीरला केलेला सलामच होता. 'मौसम' (१९७५) मध्ये गुलजारांनी गालिबचा शेर घेताना 'जी' च्या जागी 'दिल' ठेवला. गालिबला फुरसत हवी ती एकाच कामासाठी, प्रियेच्या खयालात बसून राहण्यासाठी. गुलजार त्या फुरसतीला अंगण आणि ऋतू देतात: हिवाळ्यातले ऊन, उन्हाळ्यातल्या रात्रीची गच्ची, बर्फाची दरी. गालिबची तडफ यात थोडी मवाळ होते, हे खरे. पण ज्याने दीवान कधी उघडला नाही, त्यालाही त्या शेरात बसायला जागा मिळते.

साहिर लुधियानवींनी तर स्वतःचीच नज्म बदलली. 'तल्खियाँ' मधली 'चकले' ही नज्म 'प्यासा' (१९५७) मध्ये आली तेव्हा तिचे फारसी वळणाचे पालुपद गेले आणि सोपे, बोलीतले पालुपद आले. याला कुणी तडजोड म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. मूळ नज्मेचा सवाल पूर्वेच्या पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्यांना होता, गाण्यातला सवाल देशाचा अभिमान मिरवणाऱ्यांना आहे. स्वातंत्र्याला दहा वर्षे होत असताना विचारलेला हा सवाल मुळापेक्षा अधिक झोंबतो. भाषा सोपी झाली, पण धार बोथट झाली नाही.

'दिल से' (१९९८) मधल्या गुलजारांच्या 'छैंया छैंया' बद्दल मात्र आमचे मन दुभंगते. त्यामागे बुल्ले शाहच्या काफीचा ठेका आहे. बुल्ले शाहचे नाचणे मुर्शिदसाठी, आपला मीपणा पायाखाली तुडवण्यासाठी. रेल्वेच्या टपावरच्या नाचात ठेका उरला, मुर्शिद उरला नाही. तरीही त्या गाण्यात इश्काची नशा खरी आहे. पुढे ही वाट इतकी रुळली, की मौला, इबादत, फना हे शब्द अत्तराच्या फायासारखे कुठल्याही गाण्याच्या कानात खोचले जाऊ लागले. अत्तर दरवळते, पण फूल कुठले, कुणी विचारत नाही. फना म्हणजे नफ्स विरघळणे, प्रेयसीसाठी जीव देण्याची घोषणा नव्हे.

मराठीतही हे पडसाद आहेत, आणि ते आमच्या दाराशीच आहेत. आमचे नेर अमरावती-यवतमाळ रस्त्यावर. एका टोकाला सुरेश भटांची अमरावती, दुसऱ्या टोकाला मराठीत शायरी रुजवणारे भाऊसाहेब पाटणकर यांचे यवतमाळ. भटांची गझल 'उंबरठा' (१९८२) मधून घरोघरी गेली. तिच्या मतल्यात 'मैफल' आहे आणि 'चांदरात' आहे. मराठी श्रोत्याला चांदरात म्हणजे चांदण्याची रात्र. आपल्या घरात मात्र चांदरात म्हणजे ईदच्या आदली रात्र, मेंदीची, शिरखुर्म्याच्या तयारीची. गाणे एकच, पण आपल्याला त्यात एक अर्थ जास्तीचा ऐकू येतो. दोन भाषांत वाढल्याची ही आपली मिळकत आहे. तमाशापटातली लावणी ऐकतानाही किती जणांना आठवते, की या लावणीच्या थोर शाहिरांत सगनभाऊ हा एक मुसलमान शिकलगार होता?

प्रश्न आहे तो इथेच. गाण्याने मीर, गालिब, बुल्ले शाह गल्लीबोळात पोचवले, पण नावाशिवाय पोचवले. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. गाण्यातला मिसरा मुलांना तोंडपाठ असतो, आणि तो कुणाचा म्हणून विचारले तर नाव येते गायकाचे किंवा नटाचे. यात मुलांचा दोष नाही. मुशायऱ्यातला तो जाणकार श्रोता घडवायचे काम आता सिनेमा करणार नाही, ते घराने आणि शाळेने करायचे आहे. गाणे बंद करा म्हणणे सोपे आहे. त्याऐवजी गाणे संपल्यावर दोन मिनिटे थांबून मूळ शायराचे नाव सांगावे, जमल्यास मूळ शेर फळ्यावर लिहावा, आणि काय राहिले, काय निसटले ते मुलांनाच ठरवू द्यावे. मीरचा मतला मीरच्या नावाने दाद मिळवील, तेव्हाच ती तजमीन पुरी होईल.