बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचं परीक्षण

सॉफ्टवेअरचं परीक्षण आपण फार लवकर करतो. ॲप आलं की आठवड्याभरात रिव्ह्यू येतात: दिसतं कसं, चालतं किती भरभर, फुकट आहे का. जेवणाच्या ॲपला हे ठीक आहे. पण ज्यात आपण पंधरा-वीस वर्षांचे फोटो ठेवणार, त्याची खरी परीक्षा ते बंद पडल्यावर होते. आपण आत जे ठेवलं, ते बाहेर काढता येतं का? म्हणून हे दोन उशिराचे रिव्ह्यू, पिकासा आणि ॲपर्चर या दोन बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचे.

पिकासा २००२ मध्ये आलं. २००४ मध्ये गुगलनं ते विकत घेतलं आणि फुकट वाटलं. ज्या घरांत तेव्हा पहिला कॉम्प्युटर आणि पहिला डिजिटल कॅमेरा मागेपुढे आले, त्यातल्या कित्येक घरांत फोटो बघायचे म्हणजे पिकासा उघडायचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुगलनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १५ मार्चनंतर त्याला आधार मिळेनासा झाला. इन्स्टॉल केलेलं पिकासा त्यानंतरही चालत राहिलं, त्यामुळे अनेकांना काही घडल्याचं जाणवलंच नाही. जाणवतं ते नवा लॅपटॉप घेतल्यावर. फोटो सगळे कॉपी होतात, पण निवडून लावलेले अल्बम दिसत नाहीत. चेहऱ्यांवरची नावंही दिसत नाहीत.

आमच्या घरची अकरा हजार फोटोंची लायब्ररी बाहेर काढताना मी पिकासाच्या फाईली एकेक उघडून वाचल्या. त्या वाचल्यावर माझं त्याच्याबद्दलचं मत सुधारलं. पिकासा मूळ फोटोला सहसा हात लावत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये ते एक छोटी, लपलेली टेक्स्ट फाईल ठेवतं: पिकासा डॉट आयएनआय. कोणत्या फोटोला तारा दिला, कुठे कातरला, कोणता चेहरा कुणाचा, हे सगळं त्यात ओळीओळीनं लिहिलेलं असतं. नोटपॅडमध्ये उघडा, वाचा.

चेहऱ्याची जागा सोळा अक्षरी हेक्स संख्येत असते. तिचे चार-चार अक्षरांचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येकाला ६५,५३५ नं भागायचं. चौकटीच्या डाव्या, वरच्या, उजव्या आणि खालच्या कडेचं प्रमाण मिळतं. चेहरा अगदी डाव्या कडेला असेल तर पुढची शून्यं गळालेली असतात, ती आधी भरून घ्यायची. माणसांची मुख्य यादी मात्र वेगळ्या फाईलमध्ये, विंडोजच्या युजर फोल्डरच्या पोटात असते. दोन्हींची सांगड घालायला शंभरेक ओळींचं पायथन पुरलं. पुढे एक्झिफटूल वापरून ती नावं एक्सएमपी या खुल्या पद्धतीत फोटोच्या आतच लिहिली, आणि डिजिकॅम या मुक्त सॉफ्टवेअरनं ती वाचली.

पिकासाचा दोषही याच फाईलमध्ये आहे. ज्याला ती फाईल काय हे माहीत नाही, तो जागा करताना कचरा समजून उडवणार. पिकासाच्या शेवटच्या काळात नावं थेट फोटोत लिहिण्याची सोय आली होती. ती कुणाला शोधावी न लागता आपोआप व्हायला हवी होती.

ॲपर्चरचं उलट. ॲपलनं २००५ मध्ये ४९९ डॉलरला आणलेलं, व्यावसायिक छायाचित्रकारांसाठीचं सॉफ्टवेअर. देखणं, आणि फोटोंच्या निवडीचा बारीक विचार केलेलं. जून २०१४ मध्ये ॲपलनं त्याचं काम थांबवत असल्याचं सांगितलं. २०१९ च्या कॅटलिनापासून ते मॅकवर चालतच नाही. ॲपलच्याच ‘फोटोज’मध्ये लायब्ररी नेली तर पाच ताऱ्यांचं रेटिंग साध्या कीवर्डमध्ये बदलतं. दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे जायचं तर केलेले रंगसंस्कार बदलता येतील अशा रूपात येत नाहीत. तयार चित्र म्हणून निर्यात करावे लागतात. वापरताना ॲपर्चर उजवं होतं, सोडताना फुकटचं पिकासा उजवं ठरलं.

आम्हा इंजिनियरांची एक सवय इथे आड येते. फोटो म्हणजे ‘डेटा’ आणि नावं, तारे, ओळी म्हणजे ‘मेटाडेटा’, असं आम्ही म्हणतो आणि दुसरं दुय्यम धरतो. घरच्या फोटोंना हे लागू होत नाही. २०१० च्या सुमारास आईनं आजीला शेजारी बसवून जुने स्कॅन केलेले फोटो पिकासात टाकले आणि आजी सांगेल तशी रोमन लिपीत नावं लिहिली. त्या यादीत ‘नगरचे भाऊजी’ आहेत, ‘ठमाकाकूची धाकटी जाऊ’ आहे, ‘वाड्यातल्या मास्तरीणबाई’ आहेत. यातल्या निम्म्या लोकांचं खरं नाव आज घरात कुणालाच सांगता येणार नाही. आजी आता नाही. त्या एका फाईलमध्ये जे आहे, ते दुसरीकडे कुठेही नाही. धाकट्या जावेचा फोटो हजार ठिकाणी जपला तरी ती जाऊ होती हे गेलं, तर उरते ती नऊवारीतली एक अनोळखी बाई.

‘आता एआय चेहरे ओळखतं की’, असं कुणी म्हणेल. ओळखतं म्हणजे दोन फोटोंतला चेहरा एकच आहे एवढं सांगतं. ती कोण, कुणाची, आजी तिला काय हाक मारायची, हे माणसानंच सांगावं लागतं, आणि सांगणारं माणूस असेपर्यंतच.

म्हणून आजच्या ॲपलाही हाच निकष लावायला हवा. गुगल फोटोजमध्ये तुम्ही फोटोखाली ओळ लिहिता. टेकआउटमधून सगळं उतरवून घेतलं की ती ओळ शेजारच्या जेसन फाईलमध्ये येते. म्हणजे सापडते, पण फोटोपासून वेगळी. तो फोटो एकटाच कुणाला पाठवला तर ओळ मागे राहणार. हे पिकासापेक्षा फार पुढे गेलेलं नाही.

एक चाचणी दहा मिनिटांत होते. तुमच्या ॲपमध्ये एका फोटोला नाव द्या, खाली ओळ लिहा, तो डाउनलोड करा आणि दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नाव आणि ओळ दिसली तर ते ॲप चांगलं. नाही दिसली, तर फिल्टर कितीही सुंदर असोत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली नावं तिथे लिहू नका.