दुर्गबांधणीचें मराठी गद्य

किल्ल्यांविषयीं मराठींत पुरेसें लिहिलें गेलें नाहीं, अशी तक्रार कोणासहि करतां येणार नाहीं. पोवाडे, बखरी, कादंबऱ्या, नाटकें, प्रवासवर्णनें यांची रास मोठी आहे. ओहोटीच्या वेळीं अलिबागेहून पायीं कुलाब्याच्या किल्ल्यांत जाणारें, किंवा राजपुरीहून होडींत बसून जंजिरा पाहावयास जाणारें सुशिक्षित कुटुंब यांपैकीं कांहीं ना कांहीं वाचूनच गेलेलें असतें. परंतु या सर्व वाङ्मयांत किल्ला हा नेहमीं बांधून तयार असतो. तो जिंकला जातो, गमावला जातो, त्यावर तोफा डागल्या जातात; बांधला मात्र जात नाहीं. बखरकार एका वाक्यांत अमुक बेटावर किल्ला वसविला म्हणून सांगतो आणि पुढच्याच वाक्यांत तेथें निशाण फडकूं लागतें. मधल्या काळांत चुना कोठें भाजला, दगड कोणीं फोडला, गवंड्यांची मजुरी कोणत्या महालांतून आली, पाऊस लागला तेव्हां अर्धवट राहिलेल्या तटाचें काय झालें, या प्रश्नांकडे त्याचें लक्षच जात नाहीं.

यावरून बांधकाम ही वाङ्मयाची वस्तूच नव्हे असा कोणाचा समज झाल्यास नवल नाहीं. आम्हांस तो समज चुकीचा वाटतो. बांधकामाची व्यवस्था सांगणारें गद्य जुन्या मराठींत होतें. जें होतें तें पहिल्या प्रतीचें होतें. आणि आपण तें राजकारणाचा पुरावा म्हणून वाचलें, गद्य म्हणून वाचलें नाहीं. या लेखांत त्यांतील दोन लेखांची परीक्षा करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या किनाऱ्यावर इमारत उभी करणें म्हणजे काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. आजच्या रायगड जिल्ह्याच्या समुद्रावर पावसाळ्याचे महिने होड्या चालत नाहींत. म्हणजे वर्षांतील सात-आठ महिनेच कामाचे. त्यांतहि भरती दिवसांतून दोन वेळां यावयाची आणि पाण्याच्या कडेचें काम ओहोटीच्या थोड्या तासांतच उरकावयाचें. बेटावर दगड मिळाला तरी चुना, लांकूड, धान्य, सरपण आणि कित्येकदां पिण्याचें पाणीहि होडींतूनच आणावयाचें. गांवांतल्या घराचें सामान चार दिवस उशिरां आलें तर चार दिवस फुकट जातात. बेटावरील कामाचें सामान महिनाभर उशिरां आलें तर हंगाम जातो. आणि समोर शत्रु असला तर बेटच जातें. म्हणून अशा कामांत गवंड्याच्या ओळंब्याइतकेंच महत्त्व दूरच्या कचेरींत बसलेल्या कारकुनाच्या तत्परतेस असतें. आमच्यापुढील पहिला लेख नेमका याच तत्परतेविषयींचा आहे.

राजपुरीच्या खाडीच्या मुखाशीं सिद्दीचा जंजिरा. तो हातीं येईना, म्हणून शिवाजीमहाराजांनीं मुरुडासमोरच्या कांसा नांवाच्या खडकावर पद्मदुर्ग बांधावयास घेतला. आरमाराचे सरदार दौलतखान व दर्यासारंग यांस रोख रक्कम व धान्य पोंचविण्याची आज्ञा दक्षिण कोंकणांतील प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास झाली होती. ऐवज गेला नाहीं. तेव्हां १६७५ च्या जानेवारींत महाराजांचें पत्र त्यास गेलें, तें प्रसिद्ध आहे. राजपुरीच्या पुढ्यांत दुसरी राजपुरी उभी करण्याचा उद्योग चालू असतां त्यास पाणी व सरपण यांसारख्या वस्तूंचीहि मदत पोंचूं नये, याचा संताप त्यांत आहे. पण तो संताप शिवीगाळींत वाहून जात नाहीं. आज्ञा काय होती, ती पाळली गेली नाहीं हें कसें कळलें, ऐवजाअभावीं आरमार कसें खोळंबेल आणि आरमार खोळंबल्यानें बेटावरील लोक शत्रूच्या वेढ्यांत कसे सांपडतील, ही कार्यकारणाची सांखळी थोड्या वाक्यांत बांधली आहे. प्रत्येक दुवा पुढच्यास धरून आहे, आणि शेवटचा दुवा सुभेदाराच्या हातांत दिला आहे.

या पत्रांतील एक विचार आम्हांस विशेष मार्मिक वाटतो. आतां उशिरां रसद पाठवून तुम्ही शाबासकीची अपेक्षा कराल, तर ती मिळणार नाहीं, असें सुभेदारास बजावलें आहे. ज्यानें कधीं एखादें मोठें काम चालविलें आहे, त्यास या वाक्याची किंमत कळेल. वेळेवर पाठविलेलें धान्य आणि वेळ टळल्यावर पाठविलेलें धान्य हीं हिशेबाच्या वहींत सारखींच दिसतात; कामावर मात्र तीं एक नव्हेत. हा भेद इतक्या स्पष्टपणें मांडणारें दुसरें जुनें मराठी पत्र आमच्या वाचनांत नाहीं.

सुभेदार ब्राह्मण आहे म्हणून त्याची गय होणार नाहीं, असाहि मजकूर या पत्रांत आहे, आणि अलीकडे पत्राची आठवण होते ती बहुधा तेवढ्यासाठींच. एक पक्ष तें वाक्य मिरवितो, दुसरा त्याचा अर्थ सौम्य करूं पाहतो. दोघांच्याहि हातून मूळ विषय निसटतो. पत्राचा विषय न पोंचलेलें धान्य हा आहे. माणसाचा जन्म, मान किंवा ओळख यांपैकीं कांहींहि न पोंचलेल्या धान्याचा मोबदला होऊं शकत नाहीं, एवढेंच तें वाक्य सांगतें. आणि तें कोणत्याहि जातीच्या अधिकाऱ्यास लागू आहे.

पत्रांत दोष नाहीं असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. सिद्दीनें कांहीं देऊन तुम्हांस आपलेंसें केलें असेल, अशी शंका त्यांत घेतली आहे. तिला पुरावा दिलेला नाहीं. त्या वर्षीं प्रभावळींत धान्य होतें कीं नव्हतें, होड्या मिळत होत्या कीं नव्हत्या, याचा विचारहि पत्रांत नाहीं. काम अडलें कीं लबाडीचा संशय प्रथम यावा, हा बांधकामाच्या धन्याचा फार जुना स्वभाव आहे, आणि तो थोरांसहि सुटत नाहीं. शिवाय पद्मदुर्ग उभा राहूनहि जंजिरा पडला नाहीं. सिद्दीचें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें. पत्राचें मोल त्याच्या फळावरून ठरवूं नये, हें येथें सांगून ठेवणें अवश्य आहे.

दुसरा लेख रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असलेलें आज्ञापत्र. त्याचा काळ १७१५ च्या सुमाराचा. पद्मदुर्गाचें पत्र अडलेल्या कामास ढकलण्यासाठीं लिहिलें आहे. आज्ञापत्र काम अडूंच नये म्हणून लिहिलें आहे. त्यामुळें त्याची चाल शांत आहे. दुर्गप्रकरणांत प्रथम पाणी पाहावें आणि मग किल्ला बांधावा, असें सांगितलें आहे. पाणी नाहीं पण जागा सोडतां येत नाहीं, अशी स्थिति असेल तर आधीं खडक फोडून वर्षभर पुरेल एवढीं टाकीं करावीं. एका झऱ्यावर भिस्त ठेवूं नये, कारण लढाईंत तोफांच्या दणक्यानें झरा आटण्याचा संभव असतो. तटबुरूज गरजेपुरते कसेबसे उभारूं नयेत; दरवाजा समोरच्या माऱ्यांत येईल असा ठेवूं नये. नियम सांगितला कीं त्याचें कारण लगेच सांगावयाचें, ही या ग्रंथाची रीत आहे. कारण कळलेला माणूस नियमांत न आलेला प्रसंगहि निभावून नेतो. कारण न कळलेला नियमापाशीं थांबतो.

या ग्रंथांतील सर्वांत सुंदर भाग, आमच्या मतें, आरमारप्रकरणांतील लांकडाविषयींचा आहे. सागासारखें लांकूड परवानगीनें तोडावें. आंबा व फणस जहाजांच्या कामाचे असले तरी त्यांस हात लावूं देऊं नये, असें तेथें म्हटलें आहे. तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि एकास दुःख देऊन साधलेलें काम करणाऱ्यासह लयास जातें, अशीं कारणें दिलीं आहेत. झाड अगदींच जीर्ण असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन मग तें घ्यावें. बांधणाराच्या गरजेस सीमा असते, हें येथें एका अधिकाऱ्यानें अधिकाऱ्यांस सांगितलें आहे. ज्या थळ-आक्षीच्या वाड्यांवर नारळी-पोफळींच्या छायेंत आपण सुटीचे दिवस घालवितों, त्या भागांत आज नवे रस्ते व नव्या इमारती होत असतां हा उतारा पुनः वाचण्यासारखा आहे.

परंतु आज्ञापत्रांतहि एक माणूस हरवलेला आहे. किल्लेदार आहे, कारखानीस आहे, रयत आहे; दगड फोडणारा पाथरवट आणि चुना मळणारी मजूर स्त्री नाहीं. १६७१-७२ सालच्या गडकोटांच्या इमारतखर्चाच्या यादींत एकंदर १ लक्ष ७५ हजार होनांची तरतूद आहे, पैकीं ५० हजार एकट्या रायगडासाठीं. आंकडे आहेत; ज्यांच्या हातीं ते होन मजुरी म्हणून पडले त्यांचा शब्द कोठें नाहीं. रायगडावर जगदीश्वराच्या देवळापाशीं हिरोजी इंदुलकराचें नांव पायरीवर कोरलेलें आहे. बांधणाराचें नांव दगडावर राहिल्याचें असें उदाहरण विरळा. त्याच्या हाताखालच्या हजारों लोकांचें तेवढेंहि राहिलें नाहीं.

या उणिवेमुळें आपलें केवढें नुकसान झालें, तें खांदेरीच्या कथेवरून दिसतें. १६७९ च्या ऑगस्टअखेर मायनाक भंडारी लोक घेऊन थळासमोरच्या त्या बेटावर उतरला आणि काम सुरू झालें. मुंबईच्या इंग्रजांनीं गलबतें आणून बेटाची वाट अडविली. पुढें सिद्दीहि आला. मोठीं इंग्रजी जहाजें वाऱ्यावर अवलंबून, मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या. त्या रात्रीं किनाऱ्याला लागून सामान उतरवीत. ऑक्टोबरांत दौलतखानानें इंग्रजांशीं लढाई दिली. काम थांबलें नाहीं, आणि १६८० च्या आरंभीं इंग्रज वाटेवर आले. भर तोफेखालीं चाललेल्या बांधकामाची याहून चांगली कथा कोणत्या भाषेस मिळणार? परंतु तिचा तपशील आपणांस कळतो तो इंग्रजांच्या दप्तरांतून. तट किती चढला, काल रात्रीं किती होड्या निसटल्या, हें ज्यांस तो तट नको होता त्यांनीं लिहून ठेवलें. मायनाकाच्या बाजूचा रोजनामा आपल्याजवळ नाहीं.

जेथें लेख नाहीं तेथें दगडच वाचावा लागतो. कुलाब्याच्या किल्ल्याच्या तटांत मोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसविले आहेत; लाट आदळली कीं पाणी फटींतून आंत शिरतें आणि तिचा जोर मोडतो. पद्मदुर्गावर याच्या उलट: तेथें चिऱ्यांमध्यें चुना भरला आहे, आणि खाऱ्या वाऱ्यानें दगड झिजून आंत गेला तरी चुन्याच्या रेषा बाहेर शाबूत उभ्या आहेत. एकाच किनाऱ्यावर, चार-पांच वर्षांच्या अंतरानें हे दोन विरुद्ध निर्णय झाले. ते घेणाऱ्या कारागिराजवळ निश्चित कांहीं कारण असलें पाहिजे. आज्ञापत्राच्या रीतीनें तें कोणी लिहून ठेवलें असतें, तर तीनशें वर्षें प्रत्येक गवंड्याचा मुलगा त्याचा वारसदार झाला असता.

हा प्रश्न केवळ जुन्या काळापुरता नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला दगडी पूल पुरांत कोसळला आणि एस्. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत पुलाची पाहणी होऊन कांहीं धोका आढळला नव्हता, असें सरकारतर्फे सांगण्यांत आलें. पुढें नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजीं खुला झाला. म्हणजे मनांत आणल्यास आपल्याला वेळेवर बांधतां येतें. परंतु त्याच मुंबई-गोवें महामार्गाचें पळस्पें ते इंदापूर हें रुंदीकरण २०११ सालीं सुरू होऊन दहा वर्षांनींहि पुरें झालें नव्हतें. या दोन्ही बाबतींत आपल्या खात्यांची मराठी कशी आहे? काम प्रगतिपथावर असतें, अडचणी उद्भवतात, मुदत वाढविली जाते, पाहणी करण्यांत येते. सर्व क्रिया आहेत, कर्ता कोठेंच नाहीं. पद्मदुर्गाच्या पत्रांत कोणीं, काय, केव्हां पाठवावयाचें होतें हें जितकें उघड आहे, तितकेंच या भाषेंत तें झांकलेलें आहे. असें वाक्य लिहिणारा अधिकारी खोटें बोलत नसेल. पण त्याच्या वाक्यावरून कोणासहि जाब विचारतां येत नाहीं, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वीं काय करावें हेंहि कळत नाहीं. तेथें भाषेचा दोष माणसांच्या जिवाशीं येऊन भिडतो.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. हीं दोन लिखाणें शाळा-महाविद्यालयांत शिकविलीं जावींत, आणि तीं केवळ इतिहासाच्या तासाला नव्हे, तर मराठी गद्याच्या तासाला. तुलनेसाठीं त्यांच्या शेजारीं एखाद्या खात्याचें आजचें पत्रक ठेवावें. आणि जे मराठी अभियंते, मुकादम व कंत्राटदार या किनाऱ्यावर पूल, बंदरें, घरें बांधीत आहेत, त्यांनीं आपल्या कामाचा वृत्तांत मराठींत लिहावा: काय ठरलें, कां ठरलें, कोठें अडलें, कोणामुळें अडलें, आणि कामावर कोण होतें. त्यास अलंकारांची गरज नाहीं. असें एखादें पुस्तक निघालें तर या मासिकांत त्याची परीक्षा करण्यास आम्हांस आनंद वाटेल.