तीन पुस्तकं आणि खोडा

नुकत्याच वाचून संपवलेल्या पुस्तकांवर लिही म्हणून संपादक मित्र मागं लागलाय. परीक्षण कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. घाट, आकृतिबंध हे शब्द आपल्याला झेपत नाहीत. रातपाळी करून आल्यावर झोप मोडून तीन पुस्तकं वाचली, त्यांनी माझं काय केलं तेवढं सांगतो.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा. माझा बापसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. शीर्षककथेतला गडी रेल्वेत नोकरीला लागतो, परगावात खोली मिळेना म्हणून जात लपवतो, आणि कळल्यावर मार खातो. ही गोष्ट जुनी झाली म्हणणाऱ्यानं आमचं आडनाव सांगून शहरात भाड्यानं खोली शोधून दाखवावी. एक खटकतं. बागुलांचं पात्र बोलता बोलता मधेच भाषणावर येतं. तरी कथा हादरवते.

ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) पुन्हा वाचला. तेंडुलकरांची प्रस्तावना प्रामाणिक आहे, पण माणूस वाट विचारत विचारत वस्तीत शिरतोय हे जाणवतं. मला वाट विचारावी लागली नाही. पण घरात मोठ्यानं वाचता आला नाही. आई होती.

बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' मात्र आईनंच मोठ्यानं वाचायला लावलं. बेबीताईंनी हे फलटणला दुकान चालवता चालवता, नवऱ्याला कळू न देता लिहिलं. वर्षानुवर्षं कागद लपवले. पुस्तक झालं १९८६ ला. त्यात महारवाड्यातली भूक आहे, बाळंतिणीचे हाल आहेत, बाबासाहेबांचा शब्द बायकांनी कसा उचलला तेही आहे. आणि खोडा आहे. सासुरवासाला कंटाळून माहेरी पळणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा ओंडका अडकवायचे. गावच्या पाटलानं नव्हे, आपल्याच माणसांनी.

भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. म्हणाली, "माझी आजी सांगायची. तिच्या चुलतीला घातला व्हता. घोट्यावर वण व्हता मरेस्तवर."

एवढ्या वर्षांत हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं कधी?

काही जण म्हणतात, या पुस्तकात 'मी' फार कमी, 'आम्ही'च जास्त, मग हे आत्मकथन कसलं? मला तो 'आम्ही' आवडतो. सगळी वस्ती एका तोंडानं बोलते. पण एक गोष्ट डाचते. नवऱ्याच्या माराबद्दल बेबीताई पुढं मुलाखतीत बोलल्या, पुस्तकात ते लिहिलं नाही. सुनांचा खोडा लिहिणारी बाई स्वतःचा मार गिळते. 'आमुचं' म्हणताना 'माझं' कुठं गेलं? दोष मी त्यांना देत नाही. ते लिहिलं असतं तर ऐकून घ्यायला आपण तयार होतो का, हे आपण पुरुष कवींनी सांगावं.

आपण काय लिहितो? माझीच वही काढली. 'आई' पानोपानी आहे. कुठं धरणी, कुठं मशाल, कुठं बाबासाहेबांची लेक. मार खाल्लेली, घोट्यावर वण असलेली एकही बाई नाही. मारणारा तर नाहीच. व्यवस्थेला शिव्या मात्र भरपूर. यातल्या काही कविता याच मासिकात छापून आल्यात, तुम्ही वाचल्याही असतील.

पुस्तक पालथं घातलं तर आई म्हणाली, "थांबलास का? वाच की पुढं." पाळीची वेळ झाली होती. उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं. त्या दिवशी शेजारच्या दोघीजणी येऊन बसल्या होत्या.