गाळलेला प्रश्न : अनुबोधपटातील ‘वल्ली’

चाकोरीबाहेरच्या माणसाला ‘वल्ली’ म्हणून जवळ करण्याची सवय मराठी वाचकाला व्यक्तिचित्र या वाङ्मयप्रकाराने लावली. ‘व्यक्ती आणि वल्ली’ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. व्यक्तिचित्राच्या लेखकाला एक मोठी सवलत असते : त्याला नाव बदलता येते, दोन माणसांची मिळून एक व्यक्तिरेखा करता येते, प्रसंग रचता येतो. अनुबोधपटाला ही सवलत नाही. त्यातील माणूस स्वतःचे शरीर, आवाज आणि घर घेऊन पडद्यावर येतो, आणि चित्रपट संपल्यावर त्याला त्याच घरात राहायचे असते. म्हणूनच अशा चित्रपटांवर शोषणाचा आक्षेप वारंवार घेतला जातो. आक्षेप रास्त आहे. मात्र त्या माणसाची संमती आणि दिग्दर्शकाची सहानुभूती एवढ्याच निकषांवर त्याचा निर्णय करणे अपुरे ठरते. तो चित्रपटाच्या रचनेत शोधावा लागतो.

एरॉल मॉरिस यांचा ‘व्हर्नन, फ्लॉरिडा’ (१९८१) या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. विम्याच्या रकमेसाठी स्वतःचे अवयव तोडून घेणाऱ्यांचे गाव अशी व्हर्ननची कुप्रसिद्धी होती. मॉरिस त्याच विषयासाठी तेथे गेले. धमक्या आल्यावर तो बेत सोडून त्यांनी गावातील इतर माणसांचे बोलणे चित्रित केले. रानटर्कीच्या शिकारीने झपाटलेला शिकारी, बरणीतली वाळू वाढत आहे अशी खात्री बाळगणारे दांपत्य, ‘म्हणून’ या अर्थाच्या एकाच शब्दावर प्रवचन करणारा धर्मोपदेशक अशी माणसे सुमारे ५५ मिनिटांत एकामागून एक येतात. निवेदन नाही, आणि दिग्दर्शकाचा प्रश्न सहसा ऐकू येत नाही. प्रश्न गाळला की उत्तर अधांतरी राहते. कोणाही शहाण्या माणसाचे उत्तर प्रश्नावाचून ऐकले तर ते चमत्कारिकच वाटेल. त्यामुळे येथील विक्षिप्तपणा माणसांत किती आणि संकलनाने निर्माण केलेला किती, हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही. अर्थात याच रचनेची दुसरी बाजूही आहे. शिकाऱ्याचे बोलणे चित्रपट सावकाश, पुन्हा पुन्हा ऐकवतो, आणि पक्ष्याच्या आवाजाकडे लागलेली त्याची एकाग्रता पाहता पाहता प्रेक्षकाचे हसू ओसरते.

आल्बर्ट व डेव्हिड मेझल्स, एलन होवडी आणि मफी मायर यांच्या ‘ग्रे गार्डन्स’ (१९७५) या चित्रपटाची रचना नेमकी उलट आहे. जॅकलिन केनेडी ओनासिस यांच्या आत्या इडिथ बील आणि आतेबहीण, तिचेही नाव इडिथच, ईस्ट हॅम्प्टन येथील मोडकळीस आलेल्या वाड्यात मांजरांच्या सहवासात राहत होत्या. या मायलेकींच्या दैन्याचे प्रदर्शन मांडले, अशी टीका तेव्हा झाली. परंतु चित्रपटकर्ते येथे लपलेले नाहीत. ते आरशात दिसतात. मुलगी त्यांच्याशी लाडिकपणे बोलते, आईविरुद्ध त्यांच्याकडे गाऱ्हाणी मांडते. आपला पोशाख असा का, स्कर्ट काढून खांद्यावर कसा घेता येतो, हे ती कॅमेऱ्याला समजावून सांगते. तिचे बोलणे कोणाला उद्देशून आहे हे दिसत असल्यामुळे त्याला वेडाचा झटका न मानता अभिनयाची हौस मानता येते. ही हौस खरी होती, हे १९७८ मध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये केलेल्या रंगमंचीय कार्यक्रमानेही दाखवले. तिला निव्वळ बळी ठरवणारी टीका तिचे हे कर्तेपण नाकारते. तरीही शेवटची कात्री तिच्या हाती नव्हती. न वापरलेल्या चित्रीकरणातून २००६ मध्ये ‘द बील्स ऑफ ग्रे गार्डन्स’ हा स्वतंत्र चित्रपट निघाला, यावरून निवडीची सत्ता केवढी असते याची कल्पना येते.

ज्याला उत्तर देणेच शक्य नाही अशा माणसाविषयी हा पेच अधिक तीव्र होतो. टिमथी ट्रेडवेल अलास्कातील कॅटमाई येथे १३ उन्हाळे अस्वलांच्या सान्निध्यात राहिले आणि ऑक्टोबर २००३ मध्ये अस्वलाच्याच हल्ल्यात मरण पावले. त्यांनी स्वतः केलेल्या शंभराहून अधिक तासांच्या चित्रीकरणातून वेर्नर हेर्झोग यांनी ‘ग्रिझली मॅन’ (२००५) घडवला. हेर्झोग निवेदनात ट्रेडवेल यांच्याशी उघड वाद घालतात : ज्या निसर्गात ट्रेडवेल यांना मैत्र दिसले, तेथे त्यांना उदासीनताच दिसते. मृत्यूच्या क्षणांचे ध्वनिमुद्रण ते कर्णयंत्रातून ऐकतात, प्रेक्षकाला ऐकवत नाहीत. शेवटचा शब्द हेर्झोग यांचाच राहतो, हे खरे. परंतु तो त्यांचा आहे हे कळत असल्यामुळे ट्रेडवेल यांची बाजू घेण्याची मुभा प्रेक्षकाला उरते.

या तीन चित्रपटांवरून एक निकष सुचतो. वेगळ्या माणसाला पाहणारा कोठे उभा आहे, त्याने काय विचारले आणि काय वगळले, हे कलाकृतीत जितके दिसेल तितका त्या माणसाचा विक्षिप्तपणा संवादाचा भाग म्हणून समजून घेता येतो. ते जितके लपेल तितका तो प्रदर्शनीय वस्तू होतो. व्यक्तिचित्राच्या समीक्षेलाही हा निकष लावून पाहण्याजोगा आहे. मराठी व्यक्तिचित्रातील निवेदक बहुधा मिस्कील आणि प्रेमळ असतो. त्याच्या प्रेमळपणाची चर्चाही बरीच झाली आहे. वल्लीला बोलते करण्यासाठी त्याने काय विचारले आणि लिहिताना त्यातले काय गाळले, या दिशेने ती चर्चा पुढे नेता येईल.